मुंग्या लागलेला स्लॅब

काष्टी, ता. श्रीगोंदा
८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय लिडियाबाई यांना ज्ञानेश्वरचा नमस्कार.

ओळख लागली नसंल तर सांगतो. काष्टीच्या शाळेत दहावी ब. सायन्सच्या तासाला माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं, तवा तुमी म्हणाला हुतात, "याच्या हातात काच नको, वीट द्या." तेच झालं बाई. वीस वर्षं गवंडीकाम करतोय. वीस वर्षांत माझा एक स्लॅब गळला न्हाई का झुकला न्हाई.

आता एक अडलाय. आप्पासाहेबांच्या संस्थेची अभ्यासिका बांधतोय गावात. बुधवारी पाच तारखेला स्लॅब भरला. आज चौथा दिवस, अन् स्लॅब अजून ओला हाय. ओला म्हंजे खिळा टोचला तर बोटभर आत जातो. आजवर माझा माल दुसऱ्या दिवशी सकाळी चालण्याजोगा हुतो. संस्थेची माणसं म्हणतात ज्ञाना मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. काल बाजारात आमच्या अश्विनीला एका बाईनं विचारलं, "काय वहिनी, भाकरीत सिमेंट चालतं का?" ती न बोलता घरी आली अन् अजून बोलंना.

सोळा तारखेला रविवारी संस्थेत मीटिंग हाय. स्लॅब फोडायचा अन् मला तालुक्यात कामाला उभं करायचं न्हाई, असं ठरवून मग मीटिंग घेणार हायत. मी गोणीचा दाणा हिकडचा तिकडं केला न्हाई. पण का बसंना ते मला सांगता येत न्हाई. तुमाला येईल.

फोन केला असता, पण आमच्याकडं फोनवर बोललेलं संध्याकाळी गावच्या ग्रुपवर ऐकायला मिळतं. दुधाचा टेम्पोवाला रोज सावेडीत येतो, त्याच्याकडं चिठ्ठी देतोय. उत्तर त्याच्याकडंच द्या.

आपला,
ज्ञानेश्वर

सावेडी
९ फेब्रुवारी

चि. ज्ञानेश्वर,

पत्र वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे. झाला नाही. पंचवीस वर्षांनी विद्यार्थ्याला आठवण येते ती अशी. असो, भांडं तू फोडलं होतंस आणि भरपाईही दिली नव्हतीस, हे मला नीट आठवतं.

आधी तुझी भाषा सुधारते. तू लिहितोस स्लॅब "ओला" आहे. सगळ्या जिल्ह्याची हीच समजूत आहे की सिमेंट वाळतं. कुरडई वाळते, सिमेंट वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि ते पाणी स्वतःत कायमचं बांधून घेतं. वाळवलंस तर उलट मरतं.

सिमेंटच्या एका कणात चार खनिजं दाटीवाटीनं बसलेली असतात. एक ॲल्युमिनेट, भडक डोक्याचं. पाणी लागलं की पेटतं. त्याला आवरायला कारखान्यात जिप्सम दळून घालतात, आणि त्या दोघांच्या झटापटीतून सुयांसारखे बारीक स्फटिक उगवतात, त्यांना एट्रिंजाइट म्हणतात. त्याच्या जोडीला लोखंडवालं एक, ज्याच्यामुळे सिमेंट करडं दिसतं. बाकी त्याचं कर्तृत्व बेताचं. मग एलाइट. हे कामाचं. पहिल्या महिन्याची ताकद जवळजवळ सगळी त्याची. आणि शेवटचं बेलाइट, महिनाभरानं डोळे उघडणारं, सरकारी खात्यासारखं. फरक इतकाच की ते शेवटी काम करतं.

पाणी घातल्यावर पहिले दोन-तीन तास एलाइट गप्प असतं. त्याला सुप्तकाळ म्हणतात, आणि त्याच काळात तुम्ही लोक माल वर चढवता. मग ते भराभर विरघळायला लागतं आणि त्यातून दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे षटकोनी चकत्यांसारखे चुन्याचे स्फटिक, पोर्टलँडाइट. दिसायला देखणे, ताकदीला सामान्य. दुसरं कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. ते धड स्फटिकही नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली चुरगळून टाकलेल्या कागदाच्या बोळ्यासारखं दिसतं, थरावर थर, थरांत पाणी अडकलेलं. पण वाळूला खडी आणि खडीला सळई धरून ठेवतो तो हाच बोळा. जगातली सगळी धरणं या चुरगाळ्यावर उभी आहेत.

तुझ्या स्लॅबमध्ये तो तयार होत नाहीये. कारण बहुतेक जुनं सिमेंट. पावसाळा पाहिलेल्या गोण्या असल्या तर कणांनी हवेतलंच पाणी पिऊन घेतलेलं असतं. गोण्यांवरचा आठवडा-महिना बघ, गाठी होत्या का ते आठव. वाळू कुठली? पाणी कुठलं? एकेक लिही. टेकू एकही काढू नकोस. वर ओली पोती टाक, म्हणजे माल उन्हानं सुकणार नाही.

माझा मुलगा रॉबिन तुमच्या आप्पासाहेबांच्याच तंत्रनिकेतनात शिकवतो, जूनमध्ये कायम होईल म्हणतात. त्याला काही विचारायला जाऊ नकोस. त्याला हे सगळं पाठ आहे, म्हणून येत नाही.

लिडियाबाई

काष्टी
१० फेब्रुवारी

आदरणीय बाई,

चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागवला तेवढंच कळलं, दुसऱ्यांदा बाकीचं.

गोण्या जानेवारीतल्या हायत, ताज्या. गाठ म्हणून न्हाई, हात घातला की पिठासारखं. वाळू क्रशरची, धुतलेली, आजवर तीच वापरतो. पाणी टँकरचं. चांगलं हुतं.

पोती टाकलीत. त्याच्यात आणि एक ताप झालाय, मुंग्या. स्लॅबवर रांगा लागल्यात, पोती उचलली की काळं हुतंय. स्लॅबच्या दिवशी आप्पासाहेबांनी पेढे वाटले हुते, पोरांनी वर सांडले असतील. पावडर टाकू का? सिमेंटला काही हुणार न्हाई न्हवं?

आज खिळा कालच्याएवढाच गेला. मी रोज एकाच कोपऱ्यात टोचून बघतोय.

ज्ञानेश्वर

सावेडी
११ फेब्रुवारी

ज्ञानेश्वर,

मुंग्या पेढ्यांना लागत असतील तर एका कोपऱ्यात लागतील. सबंध स्लॅबवर रांगा लागतात म्हणजे आप्पासाहेबांनी पेढे खडीसारखे पसरले होते का? एवढे उदार ते मी पाहिलेले नाहीत.

पावडर टाकू नकोस. त्या मुंग्या तुझ्या सगळ्या संस्थेपेक्षा जास्त रसायनशास्त्र जाणतात. तुझ्या स्लॅबमध्ये साखर आहे.

सिमेंटचा साखरेइतका गोड शत्रू दुसरा नाही. आधीच्या पत्रात सांगितलं ते आठव: एलाइट विरघळतं आणि त्यातून चुन्याच्या चकत्या आणि तो बोळा तयार होतो. तयार होताना आधी अगदी बारीक बीजं धरतात. साखरेचा रेणू त्या बीजालाच जाऊन चिकटतो. बीज झाकलं गेलं की त्यावर पुढचा थर बसत नाही. पाणी भोवती आहे, एलाइट ताजं आहे, सगळे हजर आहेत आणि काम बंद आहे. सुप्तकाळ दोन तासांचा दोन दिवसांचा होतो, आठवड्याचाही होतो. याला फार साखर लागत नाही. हजार भाग सिमेंटला एक-दोन भाग पुरतात. म्हणजे तुझ्या एका गोणीला एक मूठ.

आता मला सांग, मूठ कुणाची? गोण्या ताज्या, वाळू नेहमीची. तुझ्या मागच्या पत्रात सगळ्यात छोटं वाक्य पाण्याचं आहे. "चांगलं हुतं." जिथे तुझे विद्यार्थीदशेतले पेपर असे आखूड व्हायचे, तिथे तुला उत्तर येत असायचं पण लिहायचं नसायचं. टँकर कुणाचा? आदल्या दिवशी त्यात काय भरलं होतं?

ते पाणी उरलं असेल तर बाटलीभर काढून ठेव. आणि ऐक, स्लॅबला कुणालाही हात लावू देऊ नकोस. साखरेचं प्रमाण माझ्या अंदाजाइतकंच असेल तर साखर हळूहळू त्याच चुन्यात गुरफटून संपेल, आणि एलाइट मोकळं होईल. अशा उशिरा बसलेल्या मालाची वीण पुष्कळदा जास्त दाट येते. प्रमाण फारच जास्त असेल तर तो कधीच बसणार नाही. दोन-तीन दिवसांत कळेल. तोवर खिळा टोचत राहा.

लिडियाबाई

काष्टी
१३ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

आधी चांगलं सांगतो. बारा तारखेला दुपारी खिळा अर्धाच गेला. आज सकाळी गेलाच न्हाई, वाकला. मी स्लॅबवर बसून राहिलो बराच वेळ. अश्विनीला शिडीवरून वर आणलं अन् चालून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय दाखवताय, गावाला दाखवा." पण बोलली.

आता राहिलेलं लिहितो. टँकर आप्पासाहेबांचा. गाळप चालू हाय, त्यामुळं तो साखर कारखान्याची मळी वाहतो. गावचं पाणी त्या आठवड्यात आलं न्हवतं, अन् आप्पासाहेबांना स्लॅब पाच तारखेलाच पाहिजे हुता, मुहूर्त काढला हुता. म्हणाले, माझा टँकर घे. पाणी आलं ते चहासारखं तांबूस. वास मळीचा. मी म्हणालो, "आप्पासाहेब, टँकर धुतलाय का?" ते खुर्ची टाकून बसले हुते. म्हणाले, "ज्ञाना, तुला पाणी प्यायचंय का कालवायचंय?" सगळी हसली. मी बी हसलो. अन् मिक्सर चालू केला.

ही माझी चूक. वीस वर्षं माल कालवतोय, नाकाला कळलं हुतं, तोंडानं गप बसलो. तुमाला लिहायची लाज वाटली म्हणून "चांगलं हुतं" लिहिलं.

एक आणि. मालाची ताकद तपासायला भरतात ते ठोकळे हायत. इंजिनियर साहेबांनी त्याच दिवशी भरले. तुमाला पद्धत माहिती असंल, स्लॅबचा माल ठोकळ्याला कुणी घालत न्हाई. ठोकळ्याचा माल घमेल्यात वेगळा कालवतात, हातानं, लाडानं, अन् नंतर हौदात पाण्यात बुडवून ठेवतात. स्लॅब उन्हात, ठोकळा गारव्याला. टँकरचा पाइप वर हुता म्हणून साहेबांनी प्यायच्या जारचं पाणी घातलं. गोणी मातर तीच, माझ्याच थप्पीतली. ते ठोकळे दुसऱ्या दिवशीच दगड झाले. काल सातव्या दिवसाची तपासणी झाली, लई चांगले आले.

पाण्याची बाटली ठेवलीय. झाकणाला मुंग्या हायत.

रविवारी मीटिंग. माझं तोंडी कुणी ऐकणार न्हाई. तुमी शिकलेल्या. कागद द्याल का?

ज्ञानेश्वर

सावेडी
१४ फेब्रुवारी

चि. ज्ञानेश्वर,

शाबास. हा शब्द मी तुला दहावीत एकदाही वापरला नव्हता, आता वापरते. स्लॅबला नाही, स्वतःची चूक स्वतः लिहिलीस त्याला.

आणि काय बहार आहे बघ. ठोकळ्याला वेगळा माल घालायची तुमच्या धंद्यातली चोरटी पद्धत, तिनंच तुझी इमानदारी सिद्ध केली आहे. तीच गोणी, तीच वाळू, तीच खडी. जारचं पाणी घातलं तिथे दगड, टँकरचं घातलं तिथे आठवडाभर लापशी. प्रयोगशाळेत आम्ही यालाच प्रयोग म्हणतो. एक गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या. तुमच्या इंजिनियरनं लबाडी करता करता शास्त्र केलं.

सोबत दोन पानांचा कागद आहे. सगळं क्रमानं मांडलंय: एलाइट, सुप्तकाळ, साखर, टँकर, ठोकळे. शेवटी लिहिलंय की स्लॅब फोडू नये, अठ्ठावीस दिवस पाणी मारावं आणि ताकद मोजायच्या हातोड्यानं तपासून घ्यावा. दहावीच्या मुलाला समजेल अशा भाषेत आहे, म्हणजे संचालक मंडळाला थोडं जड जाईल.

मुद्दाम टाइप करून घेतलाय. खाली नावगाव घातलेलं नाही. विज्ञानाला सहीची गरज नसते. कुणी सांगितलं यावर खरंखोटं ठरत नाही. मी स्वतः आले असते, पण रविवारी चर्चमध्ये महिला मंडळाचा कार्यक्रम आहे, नेमका मीच लावलेला.

ताठ उभा राहा. बाटली टेबलावर ठेव. ठोकळे तुझे साक्षीदार आहेत, आणि ते फुटेपर्यंत खोटं बोलत नाहीत.

लिडियाबाई

सावेडी
२७ फेब्रुवारी

ज्ञानेश्वर,

तेरा दिवस झाले, दुधाचा टेम्पो रोज येतो, तुझी चिठ्ठी येत नाही. आज रॉबिनकडून कळलं. तू म्हणे मीटिंगमध्ये लिहून दिलंस की "माझ्याकडून सिमेंटचं प्रमाण कमी पडलं." आणि सही केलीस.

तुझ्या बाजूनं सगळं होतं. मुंग्यांपासून पोर्टलँडाइटपर्यंत सगळ्यांनी साक्ष दिली होती. मी दोन पानं डोळे फोडून लिहिली. आणि तू उठून खोट्यावर सही करतोस? हजार स्लॅबांत सळया बांधल्यास, एखादी स्वतःच्या पाठीत घालायला हवी होतीस. खुर्ची टाकून बसलेला माणूस हसला की आपणही हसायचं, तो म्हणाला की आपणही म्हणायचं. मग शिकवून काय उपयोग! या जिल्ह्यात सत्य सांगायला माणूस मिळत नाही, कारण प्रत्येकाला कुठेतरी कायम व्हायचं असतं, निदान पुढचं काम मिळवायचं असतं.

तुला काय मिळालं एवढं तरी कळव. कुतूहल म्हणून विचारते.

लिडिया

राजूर, ता. अकोले
१० मार्च

आदरणीय बाई,

उत्तराला उशीर झाला. काष्टी सोडली. हिकडं राजूरला एका बाईच्या घराचं जोतं बांधतोय. बाजारच्या दिवशी नगरला जाणारी गाडी असते, तिच्याकडं हे देतोय.

काय मिळालं विचारलं. क्रमानं सांगतो, तुमच्या कागदासारखं.

मीटिंगला अकरा माणसं हुती. मी ठोकळ्यांचं सांगितलं. आप्पासाहेब म्हणाले, "बरोबर बोलतोस. ठोकळे चांगले आले म्हंजे सिमेंट चांगलं. मग स्लॅबमधी का आलं न्हाई? कारण तिथं तू घातलं न्हाईस." ठोकळे माझे साक्षीदार हुते, ते तिकडं जाऊन बसले. मी बाटली टेबलावर ठेवली. शिपायानं ती उचलली अन् खिडकीतून झाडाला ओतली, मुंग्या हुतात म्हणून.

मग राहिला कागद. मी दिला. आप्पासाहेबांनी स्वतः मोठ्यानं वाचला, सगळा. एलाइट म्हणताना जीभ अडकली तरी वाचला. सगळी कान देऊन ऐकत हुती बाई. मला वाटलं, बसलं. मग त्यांनी दुसरं पान उलटलं, परत सुलटं केलं अन् विचारलं, "हे कुणी लिहिलंय? खाली कुणाचं नाव न्हाई, सही न्हाई. ज्ञाना, तूच कुठनंतरी टाइप करून आणलंस व्हय?"

रॉबिनसर टेबलापाशीच बसले हुते, तंत्रनिकेतनाचे तज्ज्ञ म्हणून. कागद त्यांच्याकडं गेला. त्यांनी बराच वेळ वाचला. मला वाटतं भाषा त्यांनी वळखली. वर बघितलं न्हाई. म्हणाले, "असं काही पुस्तकात असतं, पण खात्रीनं सांगता येणार न्हाई."

आप्पासाहेबांनी मला तीनदा विचारलं, नाव सांग. तुमचं नाव माझ्या तोंडात हुतं. मी समोर बघत हुतो, रॉबिनसरांच्या हाताकडं, ते पेनाचं टोपण काढत हुते अन् घालत हुते. जूनमधी कायम हुणार म्हणून तुमीच लिहिलं हुतं. मी नाव घेतलं न्हाई.

मग त्यांनी दुसरा कागद पुढं केला. तो बी टाइप केलेला, अन् आधीच तयार. "सिमेंटचं प्रमाण कमी पडलं, आप्पासाहेबांच्या देखरेखीखाली दुरुस्त करून घेतलं." भरलेल्या स्लॅबमधी मागनं सिमेंट कसं घालतात ते मला ठाऊक न्हाई, पण कागदात घालता येतं. सही केली तर स्लॅब ठेवू, न्हाई केली तर सोमवारी सकाळी घण लावू, म्हणाले. तुमीच लिहिलं हुतं, स्लॅब फोडू नका, त्याला वेळ द्या. मी वेळ दिला.

पाच मार्चला अठ्ठावीस दिवस झाले. हातोड्यानं तपासला, रॉबिनसरांनीच. पाहिजे त्याच्यापेक्षा जास्त आला, ठोकळ्याच्याबी वर. तुमी म्हणाला तशी वीण दाट आली. काल उद्घाटन झालं. मी गेलो न्हाई, अश्विनीचा भाऊ गेल्ता, त्यानं सांगितलं. रॉबिनसरांनी गुणवत्तेवर भाषण केलं, चांगलं झालं म्हणे. उद्घाटनाच्या फरशीवर आप्पासाहेबांचं नाव हाय. तपासणीचा एक ठोकळा उरला हुता, तो दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलाय. पोरं त्याच्या शेजारी चपला काढतात अन् माझ्या स्लॅबखाली अभ्यासाला बसतात. त्यांना सांगतात, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं हुतं, साहेबांनी वाचवलं.

तुमच्यावर राग न्हाई बाई. मिक्सरपाशी मी बी गप बसलो हुतो. तुमी मला पाठीत सळई घाल म्हणाला, तेवढं मातर अश्विनीला वाचून दाखवलं न्हाई.

तुमचा कागद मीटिंग झाल्यावर टेबलाखाली पडला हुता, उचलून आणला. जपून ठेवला हुता, आता परत पाठवतो. दोन्ही पानं हायत. खालची जागा अजून मोकळीच हाय.

ज्ञानेश्वर